काठ नदीचा, भुर्दंड शेतकऱ्याचा



"नदीकाठी झाडे लावा, पशुपक्ष्यांना आसरा द्या," असे कोणी म्हटले की आपल्या बैठकीत आधी हशा पिकतो. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडते, "डुकरांना आसरा द्या म्हणा की!" हसणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही; आम्हीही त्यांतलेच. ज्वारी हुरड्यावर आली की ज्याला रात्र-रात्र मचाणावर डबा बडवत काढावी लागते, आणि पहाटे जरा डोळा लागला तर उठून अर्धा एकर लोळवलेला पाहावा लागतो, त्याच्यापुढे वन्यप्राण्यांचे कौतुक करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. कित्येकांनी ज्वारी पेरणेच सोडले ते या जागलीला कंटाळून.

तरीही या जिल्हा बैठकीपुढे आम्ही हाच विषय मांडतो आहोत. कारण नाल्याच्या काठाने पायी फिरलो, वावरे कशी तुटत चालली ते पाहिले, आणि आमचे मत बदलले. आमचे म्हणणे थोडक्यात असे. मोडलेला नदीकाठ पुन्हा उभा करणे ही आधी शेतकऱ्याची गरज आहे, मग बाकी सगळ्यांची. पण तो शेतकऱ्याच्या जमिनीवर, शेतकऱ्याच्या खर्चाने आणि वरच्या हुकमाने उभा करायचा बेत असेल, तर तो काठ उभा राहणार नाही. पट्टी शेतकऱ्याची जाणार असेल तर तिचे भाडे शेतकऱ्याला मिळाले पाहिजे.

काठ होता तेव्हा

आज जे साठीच्या पुढे आहेत त्यांनी खरा नदीकाठ पाहिला आहे. पाण्याला लागून शेरणी आणि वाळुंज. त्याच्या मागे लव्हाळा, वाळा आणि माणसाएवढे गवत. दरडीवर करंज, निरगुडी आणि शिंदीची बने. आणि वर, वावराच्या धुऱ्याला टेकून, जांभूळ, उंबर, बाभूळ आणि ज्याला आपण कहू म्हणतो तो अर्जुन. यातले काही कोणी लावलेले नव्हते आणि त्याला कोणी 'अधिवास' असे भारदस्त नावही दिले नव्हते. करंजीचे तेल दिव्याला, शिंदीच्या पानांचे फडे झाडायला, बाभळीचे लाकूड अवजारांना, उंबराची सावली दुपारी बैलांना. घेणारा घेत होता, काठ देत होता.

पण काठाचे खरे काम यापेक्षा मोठे होते, आणि ते आपल्याला काठ गेल्यावर कळले.

आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. नदीच्या उभ्या दरडीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात. पावसाळ्यात त्यांत पाणी शिरते. पूर चढलेला असतो तोवर पाण्याचा दाब दरडीला धरून ठेवतो. पूर झपाट्याने ओसरला की ती ओली, जड झालेली दरड सबंधच्या सबंध खाली बसते. वावर पुरात जाते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते पूर ओसरताना जाते. करंजाची, कहूची, वाळुंजाची मुळे त्या मातीत जाळे विणून बसलेली असली तर दरड इतक्या सहज सुटत नाही.

दुसरे काम वेग मारण्याचे. गवत आणि झुडपे पाण्याला अडत नाहीत, पण त्याची धाव मोडतात. धाव मोडली की पाणी गाळ टाकते. उघड्या काठावरून तेच पाणी गाळ उचलून नेते. तिसरे काम उलट्या दिशेचे: आपल्या वावरातून वाहून निघालेली माती, आपण पैसे मोजून टाकलेले खत, हे नाल्यात पडण्याआधी गवताची पट्टी चाळणीसारखे धरते.

चौथे काम डोहांचे. सावलीतल्या डोहाचे पाणी कमी तापते. झाडांचा पाला पाण्यात कुजतो, त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर खंड्या आणि ढोकरी. झाडाच्या ढोलीत घुबड राहते ते रात्री आपल्या धुऱ्यावरचे उंदीर मारते. कोतवाल पक्षी फांदीवर बसून उडते किडे टिपतो. पोपटही याच झाडांवर राहतात आणि कणसे फोडतात, हेही खरे; ते लपवून आम्हाला काही मिळवायचे नाही. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा.

काठ मोडला कोणी?

सुरुवात स्वतःपासून करू. दोन तासे जास्त निघावीत म्हणून आपणच वखर अगदी दरडीच्या काठापर्यंत नेला. बाभळी विकल्या, कहू तोडला, काठावरचे गवत दरसाल पेटवले. जमिनीचे तुकडे पडत गेले, पिकाला भाव मिळाला नाही, लेकीचे लग्न आले, दवाखाना आला. झाड हाच रोकड पैसा होता. कोणी हौसेने काठ तोडला नाही, पण तोडला हे खरे. ते कबूल केल्याशिवाय दुसऱ्याकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

आता दुसऱ्यांकडे वळू. शहरे वाढली, त्यांना रेती लागली. नदीच्या पात्रातली रेती पाण्याचा वेग सोसते आणि उन्हाळ्यात पाणी धरून ठेवते. ती उपसली की पात्र खोल जाते, आणि पात्र खोल गेले की दोन्ही दरडी उंच, उभ्या आणि पोकळ होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांपेक्षा लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, ती याच उपशाचे परिणाम पाहून. कागदावर आदेश झाला. रात्री नदीकाठच्या पांदणीवर ट्रॅक्टर चालतात की नाही, ते प्रत्येकाने आपल्या गावापुरते सांगावे.

मग आली नाला खोलीकरणाची लाट. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचे जाहीर झाले. त्यात चांगली कामेही झाली. बांधबंदिस्ती, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती यांचा उपयोग झालेली गावे आहेत. पण गावोगाव डोळ्यांत भरले ते यंत्र. नाला रुंद करायचा, खोल करायचा, सरळ करायचा, आणि निघालेली माती दोन्ही काठांवर ढिगाने टाकायची. त्या कामात काठावरची उरलीसुरली झाडे गेली. महालेखापरीक्षकांचा या अभियानावरचा अहवाल २०२० साली विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्याच्या उद्दिष्टावर फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

खोलीकरणाचा एक परिणाम मात्र पाहायला अहवाल लागत नाही. मुख्य नाला दोन मीटर खोल गेला की त्याला मिळणारे लहान ओघळ आता दोन मीटर उंचावरून उडी मारतात. उडी मारणारे पाणी मागची माती कुरतडते. ओघळ मागे-मागे सरकत वावरात चढतो. यंत्र नाल्यात चालते आणि खड्डा आपल्या वावरात पडतो, तो असा.

आणि कोळशाचा पट्टा असेल तर बोलायलाच नको. चंद्रपूर आणि वणीकडच्या भावांना हे समजावून सांगायची गरज नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या उघड्या खाणींतून कोळशाच्या वरची माती-दगड काढून त्याचे डोंगर रचले गेले. त्या ढिगावर सुपीक मातीचा थर नाही. पावसाने तो धुपतो आणि खालच्या ओढ्यानाल्यांत उतरतो. जुलै २०२२ च्या पुरात वर्धेच्या काठची शेते पाण्याखाली गेली, तेव्हा नदीला पसरायला जागा कोणी कमी केली, हा प्रश्न त्या गावांत उगीच उठला नाही.

मोकळी जागा मोकळी राहत नाही

आता मागच्या रांगेतल्या त्या ओरडणाऱ्या भावाला उत्तर देऊ. तो म्हणतो, काठ उभा केला तर डुकरे येतील. आम्ही त्याला विचारतो, काठ मोडल्यावर डुकरे गेली का? वाढली की कमी झाली?

खोदलेल्या नाल्याच्या ढिगांवर, रेतीघाटाच्या उकिरड्यावर, खाणीच्या मातीवर आज काय उगवले आहे ते पाहा. वेडी बाभूळ. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत आणलेले हे झाड. तोडले की बुडातून दहा फांद्या फुटतात. गुरे शेंगा खातात आणि शेणातून बी पसरवतात. पाण्याच्या कडेला त्याच खंडातून आलेली बेशरम. नावाप्रमाणेच कशानेही न मरणारी, आणि जनावराने खाल्ली तर विषारी. या दोघींची जाळी अशी दाट होते की माणूस आत शिरू शकत नाही. डुकराला दुसरे काय हवे? वर काट्यांचे छप्पर, खाली लोळायला चिखल, समोर आपली ज्वारी.

म्हणजे आपल्यापुढचा सवाल 'काठावर जंगल हवे की नको' असा उरलेलाच नाही. जंगल आलेले आहे. ते कोणत्या जातीचे, कोणाच्या सोयीचे आणि कोणाच्या देखरेखीखालचे, एवढेच ठरवणे आपल्या हातात आहे.

डुकरामागे बिबट्या येतो, बिबट्यामागे वाघ. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारले. त्याच दिवसांत शेजारच्या दुर्गापूर भागात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. ती जागा काही अभयारण्य नव्हती. कारखाना, खाण आणि मोकाट वाढलेली झुडपे यांचा तो परिसर. खोदून, वापरून टाकून दिलेल्या जमिनीची जबाबदारी कोणी घेत नाही, तेव्हा ती जमीन आपला बंदोबस्त स्वतः करते. त्याची किंमत खाणीचा साहेब देत नाही. सायकलवरून पाळीला जाणारा मजूर देतो, आणि राखण करणारा शेतकरी देतो.

मोडलेली जमीन सुधारते का?

सुधारते. पण वनमहोत्सवाच्या फोटोने सुधारत नाही.

दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानावर, वजिराबादजवळ, यमुना जैवविविधता उद्यान उभे आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला ते काम हाती घेतले. जमीन खारवट आणि उजाड. त्यांनी आधी गवते आणली, माती सुधारू दिली, पाणथळी तयार केल्या, मग यमुनेच्या खोऱ्यातल्या मूळच्या झाडाझुडपांचे समूह वसवले. पाणपक्षी परत आले. २०१६ साली तर तिथे बिबट्या येऊन राहिला.

त्या बिबट्याचे पुढे काय झाले तेही ऐका. आजूबाजूच्या वस्तीत घबराट पसरली. पिंजरे लागले, डिसेंबरात तो पकडला गेला आणि दूर शिवालिकच्या जंगलात नेऊन सोडला गेला. दिल्लीत बिबट्या दिसला तर पिंजरा लागतो. आपल्या शिवारात दिसला तर 'सावध राहा' असा फलक लागतो. काठ दोन्हीकडे उभा करता येतो. फरक आहे तो काठाशेजारच्या माणसाची किंमत किती धरली जाते याचा.

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर नागपूरच्या 'नीरी' संस्थेने झाडे उभी केली. ज्या मातीत गवत उगवेना, तिथे साखर कारखान्याची मळी आणि शेणखत घातले, मुळांना मदत करणारी बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू यांची जोड दिली. माती आधी जिवंत केली, मग झाड लावले. आपल्यासाठी यात नवीन काय? शेणखताशिवाय वावर पिकत नाही हे आपल्या आज्यालाही ठाऊक होते. पण सरकारी झाड मात्र मुरमात फुटभर खड्डा करून लावले जाते आणि मग ते मेले म्हणून शेतकऱ्याच्या गुरांना दोष दिला जातो. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी झाडांचे लक्ष्य राज्याने जाहीर केले होते. आकडा झाडांचा होता, जगलेल्या काठाचा नव्हता.

काम कसे करावे

या कामाला मोठी विद्या लागत नाही. लागतो तो क्रम आणि धीर.

पहिले, ज्याने काठ मोडला ते आधी थांबवा. रेतीचा उपसा आणि यंत्र चालू असेल तर वर झाड लावणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे.

दुसरे, उभी दरड उतरती करा. उभ्या दरडीवर काहीच टिकत नाही. काठावर पडलेले मातीचे ढीग पसरा. त्यात पावसाचे पाणी वावरातून नाल्यात जायला दगडांनी बांधलेली ठरावीक वाट ठेवा, म्हणजे नवे ओघळ पडणार नाहीत.

तिसरे, आधी गवत. वाळा, लव्हाळा आणि स्थानिक गवते पाण्याच्या कडेला. दरडीवर निरगुडीच्या आणि वाळुंजाच्या ओल्या फांद्या आडव्या-उभ्या खोचा. त्या फुटतात आणि मूळ धरतात. दरडीच्या पायथ्याला पऱ्हाट्यांच्या पेंढ्या टाकायचा मोह होईल, तो टाळा. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि तिने २०१७ साली आपले काय केले ते विसरलेलो नाही.

चौथे, झाडे मिसळीची आणि आपल्याच नदीची. सागाच्या किंवा निलगिरीच्या रांगा लावल्या तर ते काठ नव्हे, ते गोदाम. जिथे अजून शंभर पावले जुना काठ शिल्लक असेल, तिथले बी गोळा करा. करंज, कहू, जांभूळ, उंबर, शिंदी. पुष्कळ ठिकाणी नुसते राखले तरी जुन्या मुळ्या फुटतात. लावण्यापेक्षा राखणे स्वस्त.

पाचवे, वेडी बाभूळ एकदम सगळी काढू नका. सगळी काढली तर दरड उघडी पडते आणि पुढच्या पावसात तीच परत येते. पट्ट्या-पट्ट्यांनी काढा, जमिनीखाली बुडखा खोदून काढा, आणि मोकळ्या पट्टीत लगेच गवत व रोपे लावा. काट्यांची जाळी विरळ झाली की डुकराची दिवसाची लपण कमी होते. डुक्कर नाहीसे होईल असे आम्ही म्हणत नाही. तसे आश्वासन देणारा खोटे बोलतो.

सहावे, किमान तीन वर्षे चराई बंद. आणि चराई बंद म्हणजे ज्याच्या शेळ्या तिथे चरतात त्याच्या चाऱ्याची सोय आधी. गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली तर राखण गावच करते.

आता हिशेब

समजा, एका शेतकऱ्याचा धुरा २०० मीटर नाल्याला लागून आहे. १० मीटर रुंदीची पट्टी सोडली तर २,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २० गुंठे, अर्धा एकर. कोरडवाहू कपाशी एकरी ४ क्विंटल धरा. अर्ध्या एकरात २ क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे १५,४२० रुपयांचा कापूस. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचाई वजा जाते, आणि हमीभाव हातात पडतोच असे नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दरडीलगतची जमीन कमी पिकते हेही धरा. तरी पाच एकरांच्या माणसाला अर्धा एकर म्हणजे दहावा हिस्सा. 'पर्यावरणासाठी एवढे करा' असे म्हणणाऱ्या नोकरदाराने आपल्या पगाराचा दहावा हिस्सा दर महिन्याला नदीला सोडून दाखवावा, मग शेतकऱ्याला उपदेश करावा.

शहाण्या देशांत हे कसे करतात ते पाहा. अमेरिकेत १९८५ च्या शेती कायद्याने एक योजना आणली. धूप होणारी किंवा नदीला लागून असलेली जमीन शेतकरी पिकाखालून काढतो, तिथे गवत-झाडे राखतो, आणि सरकार त्याच्याशी १० ते १५ वर्षांचा करार करून दरसाल भाडे देते. भाडे त्या भागात कोरडवाहू जमीन मक्त्याने जशी जाते त्या दराच्या आधाराने ठरते. लागवडीच्या खर्चातही सरकारचा हिस्सा असतो. करार करणे शेतकऱ्याच्या मर्जीवर. मालकी त्याचीच. चीनने १९९९ पासून उतारावरची शेती सोडून झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम दिली. कोणी याला भीक म्हटले नाही. नदी स्वच्छ राहते, धरण गाळाने भरत नाही, खालच्या शहराला पाणी मिळते; त्या सेवेचा तो मोबदला.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सांगते, नदीनाल्यांची पात्रे सरकारची. म्हणजे रेती निघाली की रॉयल्टी सरकारची, दरड कोसळली की नुकसान शेतकऱ्याचे. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत जांभूळ, आंबा, मोह, चिंच आहेत. आपल्या वावरात, आपल्या हाताने लावलेले झाड तोडायला परवानगीसाठी खेटे घालावे लागत असतील तर शहाणा शेतकरी झाड उगवण्याआधीच उपटतो. झाडाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने झाडाचा जन्मच रोखला. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याने प्राण्याला अभय दिले, ते योग्य की अयोग्य यावर आज वाद नको. पण त्या अभयाचा खर्च ज्याच्या ताटातून जातो, त्याच्याशी करार कोणी केला नाही.

बैठकीपुढचा ठराव

म्हणून जिल्हा बैठकीने पुढील मागण्यांचा विचार करावा, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि ठराव करावा, अशी आमची विनंती आहे.

१. नदीनाल्याच्या काठची पट्टी राखणाऱ्या शेतकऱ्याशी सरकारने किमान दहा वर्षांचा लेखी करार करावा आणि स्थानिक मक्त्याच्या दराने दरसाल भाडे द्यावे. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहील. पट्टीवर कोणतेही आरक्षण पडणार नाही. सक्ती नको.

२. त्या पट्टीतले गवत, फळे, करंजीचे बी, आणि मुदतीनंतर ठरल्याप्रमाणे लाकूड, यांवर शेतकऱ्याचा हक्क करारातच लिहिला जावा. तोडीसाठी वेगळी परवानगी मागावी लागू नये.

३. जिथे काठ राखला जाईल तिथे डुक्कर, रोही यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा ठरावीक दिवसांत व्हावा, भरपाई पिकाच्या पूर्ण किमतीने मिळावी आणि उशीर झाल्यास व्याजासह मिळावी.

४. काठ राखलेल्या टप्प्यात रेतीचा उपसा आणि नाल्यात यंत्र घालणे बंद. काही काम निघालेच तर आधी काठच्या शेतकऱ्यांची लेखी संमती.

५. खाणपट्ट्यात हा खर्च खाणींच्या पैशातून व्हावा. २०१५ च्या कायदा-बदलाने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांकडून १० टक्के रक्कम त्यात जमा होते, आणि ती खाणीने बाधित झालेल्या माणसांसाठी व परिसरासाठीच आहे. त्यातून रस्ते आणि इमारती होतात, तर मोडलेला काठ का नाही?

या झाल्या सरकारकडे मागण्या. एक मागणी स्वतःकडेही आहे. भाडे मिळो न मिळो, येत्या हंगामात वखर दरडीपासून निदान चार हात अलीकडे थांबवू. त्या चार हातांत काही पेरू नये, काही पेटवू नये. एवढ्याने नदी उभी राहणार नाही. पण त्या चार हातांत काय उगवते, दरड किती तुटते, डुक्कर किती येते, हे दोन पावसाळे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पुढच्या बैठकीत सांगावे. मंत्रालयात बोलायला जायचे तर हातात आपल्या वावराचा पुरावा हवा.

बापजाद्यांनी आपल्याला वावर दिले तेव्हा त्याची एक बाजू नदी होती, आणि ती बाजू जागची हलत नव्हती. आज ती दरसाल आत सरकते आहे. सातबाऱ्यावर दोन हेक्टर, जागेवर पावणेदोन. तलाठ्याच्या दप्तरात ती घट दिसत नाही, पोरांच्या वाटणीत दिसेल. ती थांबवायची की नाही, याचा निर्णय आपण या बैठकीत घ्यायचा आहे.